अनुभव खरा, पण तो देवाकडून कशावरून? शास्त्रावर पारखायचा कसा?

मोहननगरची (धागाकर्ती)
सोमवार, रात्री १०:४०

सर्वांना जय ख्रिस्त. धागा लांबतोय, पण दुसरीकडे कुठे विचारावं कळत नाही.

माझा धाकटा भाऊ रेल्वेत आहे, अजनीला. सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका घरसभेला बाहेरगावचे उपदेशक आले होते. प्रार्थना चालू असताना त्यांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "प्रभू मला दाखवतोय, तुला सेवेसाठी वेगळं केलंय. नोकरी सोड. वर्षाच्या आत तुझ्या हातून मोठं काम होईल." भाऊ तिथंच गुडघ्यावर आला, हमसून हमसून रडला. अंगातून वीज गेली म्हणतो. तो कधी रडत नाही, बाबांच्या वेळीही रडला नव्हता.

सभा संपल्यावर त्या गृहस्थांनी त्याला बाजूला घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. नोकरी सोडल्यावर जे पैसे हातात येतील त्यांचा दशमांश त्या गृहस्थांच्या सेवेला द्यायचा. आणि तोपर्यंत यातलं काही आपल्या पाळकांच्या कानावर घालायचं नाही, "ते तुझा विश्वास विझवतील." भावाने मला सांगितलं तेसुद्धा चार आठवड्यांनी. महिनाअखेरीस राजीनामा देणार आहे. आई रात्र रात्र जागी असते.

मला त्याची गोष्ट झटकून टाकता येत नाही, कारण मलाही एक अनुभव आला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबा दवाखान्यात होते. रात्री अडीचच्या सुमारास वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते, झोपलेली नव्हते. यशयाचं वचन अगदी कानाशी ऐकू आलं: "तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे." ४१:१०. तो उकाडा, फिनाइलचा वास, कुणाचं तरी कण्हणं, सगळं दूर गेल्यासारखं झालं. इतकी शांती मला ना त्याआधी मिळाली, ना त्यानंतर. सकाळी मी घरी, मंडळीत, फोनवर सगळ्यांना सांगितलं की बाबा बरे होणार. पुढच्या उपासनेला पेटीवर बाबाच बसतील.

अकराव्या दिवशी बाबा गेले.

माझ्या अनुभवाबद्दल मी पुन्हा कुणाशी बोलले नाही. आता भावाचं पाहून सगळं वर आलंय. असा अनुभव देवाचा आहे, आपल्या मनाचा आहे की आणखी कुणाचा, हे शास्त्रावरून ठरवता येतं का? कृपया फक्त "प्रार्थना करा" असं लिहू नका. ती करतेच आहे.

अजनीवाला
सोमवार, रात्री ११:०५

ताई, शास्त्रातलं मोठी माणसं सांगतील. मी त्याच खात्यात आहे, मले एकच सांगू द्या. भाऊले म्हणा, राजीनामा नको लिहू, आधी बिनपगारी रजा मिळते का पाय. सेवा करून पाहायची तर रजेत करून पाहता येते. देवाचं बोलावणं असन तर ते दोन महिन्यांनीही राहीन ना बाप्पा. आन घाई कोण करून राहिला, हे पण पाहा.

पाळकवाडा
मंगळवार, सकाळी ६:५०

मुली, माझे वडील पाळक होते, आजोबाही. अशा किती साक्षी आमच्या ओसरीवर आल्या आणि गेल्या.

पारख करणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आधी काढून टाक. पारखायची आज्ञाच आहे. योहान पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचा उपदेश दररोज शास्त्रात पडताळून पाहिला, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हटलं आहे (१७:११).

आता तुझ्या भावाचं. वाच १ राजे १३. देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती की बेथेलात जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आल्या वाटेने परतायचं नाही. एक म्हातारा संदेष्टा गाठून म्हणतो, "मीही तुझ्यासारखा संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं, तुला घरी घेऊन ये." शास्त्र तिथंच म्हणतं की तो खोटं बोलला. देवाचा माणूस जेवला, आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं. मला या अध्यायाची लहानपणी भीती वाटायची. खोटं बोलणारा मेजवानी देऊन घरी राहिला आणि मेला तो ऐकणारा. म्हणजे "त्यांनी सांगितलं म्हणून मी केलं" एवढ्यावर ऐकणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

पैशाबद्दलही लिहितो. पहिल्या शतकाच्या आसपासची 'दिदाखे' नावाची मंडळीसाठीची छोटी पुस्तिका आहे. ती शास्त्र नव्हे, पण इतकी जुनी मंडळी काय करत होती ते तिच्यात दिसतं. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. आणि आत्म्यात येऊन "मला पैसे द्या" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर मात्र त्याला दोष देऊ नका. तुझ्या भावाला पैसे कुणासाठी मागितले, ते तूच लिहिलं आहेस.

माझं मत विचारशील तर शास्त्र पूर्ण झाल्यावर असे नवे संदेश येण्याची गरजच उरलेली नाही.

जरीपटका_साक्षी
मंगळवार, सकाळी ९:१५

पाळकवाडा काका, शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे, आणि तो आदराने नोंदवतो.

मी अकरा वर्षं दारूत होतो. बायको माहेरी गेली होती. एका सभेत मागच्या रांगेत बसलो होतो. अनोळखी बहिणीने माझ्याकडे बोट दाखवून एक गोष्ट सांगितली. ती मी कुणालाही सांगितली नव्हती, इथेही सांगणार नाही. त्या दिवसापासून थेंब घेतलेला नाही. "संदेशांचा धिक्कार करू नका" हे कोणत्या पत्रात आहे? थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय. लगेच पुढे "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा." दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी आहेत. विझवायचं नाही आणि तपासल्याशिवाय घ्यायचंही नाही.

पण ताई, आमच्यासारख्या आत्म्याच्या दानांवर विश्वास ठेवणाऱ्यांनीच हे मोठ्याने बोललं पाहिजे: "पाळकांना सांगू नकोस" हे ऐकून मला संताप आला. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी निर्णय करावा (१ करिंथ १४:२९). म्हणजे संदेश चारचौघांसमोर द्यायचा आणि चारचौघांनी तोलायचा. पेत्राला यापोत छपरावर दर्शन झालं, तो कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याकडे गेला तेव्हा सोबत सहा भाऊ नेले, आणि यरुशलेमेत जाब विचारला गेला तेव्हा सुरुवातीपासून सगळं मांडलं. प्रेषिताने हिशेब दिला. मग घरसभेतला उपदेशक त्यातून कसा सुटतो?

भावाचे अश्रू, अंगातली वीज, यावरून मात्र मी होय किंवा नाही काहीच म्हणणार नाही. माझ्या वेळी मला काहीच वाटलं नव्हतं. घरी जाऊन शांत झोपलो होतो.

पाळकवाडा
मंगळवार, दुपारी १:३०

जरीपटका, तुमची साक्ष वाचून देवाचे आभार मानले. माझं मत बदललेलं नाही, पण तुमचं फळ मला नाकारता येत नाही. मत्तय ७ मध्ये प्रभू फळावरूनच ओळखायला सांगतो.

मात्र गुप्त गोष्ट अचूक सांगितली म्हणजे संदेश देवाचा, हे माप कुणी धरू नये. फिलिप्पैत जिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता ती मुलगी पौलाबद्दल खरंच बोलत होती, "हे परात्पर देवाचे दास आहेत." तरी पौलाने तो आत्मा काढला. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १३ वा अध्याय तर आणखी कडक आहे. चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस परक्या देवांच्या मागे नेत असेल तर ऐकू नका. अनुवाद १८ म्हणतं, सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हतं. न घडलेलं खोटं ठरतं, पण घडलेलं तेवढ्यावर खरं ठरत नाही.

इंदोरा_नऊ
मंगळवार, सायंकाळी ७:२०

मी बौद्ध आहे, तुमच्या चर्चेत मध्येच बोलतोय, चालत नसेल तर सांगा. आमच्याकडे कालाम सुत्त आहे. केसपुत्त गावाचे लोक बुद्धांना विचारतात की इतके गुरू येतात, प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं धरायचं? उत्तर असं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, "हे आमचे गुरू आहेत" म्हणून स्वीकारू नका. अकुशल काय, कुशल काय हे स्वतः जाणा. तुम्ही ग्रंथालाच माप धरता, तिथं आपली वाट वेगळी होते. पण तुमच्या भावाने निदान प्रश्न विचारावा, एवढं मलाही मनापासून वाटतं. शेजारी म्हणून लिहिलं.

पाळकवाडा
मंगळवार, रात्री ८:०५

अवश्य लिहा, घर आपलंच आहे. आमचं म्हणणं एवढंच की माप माझ्या हातात राहिलं तर मी ते माझ्याच सोयीने वाकवतो. म्हणून ते माझ्याबाहेर हवं. बाकी, प्रश्न विचारण्याबाबत आपलं जमलं.

रात्रपाळी
बुधवार, पहाटे ४:१०

ताई, मी नर्स आहे, एकवीस वर्षं वॉर्डात काढली. आत्ताही ड्युटीवर आहे.

अनेक रात्री न झोपलेल्या नातेवाइकांना आवाज ऐकू येणं, कुणी जवळ असल्यासारखं वाटणं हे मी खूपदा पाहिलं आहे. अशा माणसांना वेड लागलेलं नसतं. थकलेल्या, काळजीने पिळून निघालेल्या मनाचं असं होतं. पण म्हणून त्यात देव नव्हता, असं मी म्हणणार नाही. देव थकलेल्या मेंदूशी बोलू शकत नाही असं कुठं लिहिलंय? एलीया झुडपाखाली मरण मागत झोपला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं.

मला खरी भीती वेगळ्या गोष्टीची आहे. "तू बरी झालीस" असा संदेश मिळाला म्हणून गोळ्या बंद केलेल्या फिट्सच्या पेशंट मी पाहिल्या आहेत. एक मुलगी सोळा वर्षांची होती. हिज्कीया राजाला तर यशयाने देवाचा शब्द दिला होता की तू वाचशील, आणि त्याच यशयाने गळवावर अंजिराचा लेपही लावायला सांगितला (यशया ३८). वाचताय ना कुणी? शब्द मिळाला तरी लेप लावला. कृपा करून कुणीही संदेश ऐकून औषध थांबवू नका.

कामठीकर
बुधवार, सकाळी ११:००

मी कॅथलिक. आमच्याकडे या विषयावर जुनी शिकवण आहे, ती सांगतो.

संत इग्नाती लोयोला मुळात शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडून राहावं लागलं. पुढे मानरेसात असताना त्यांना हवेत एक सुंदर वस्तू दिसायची, सापासारखी, डोळ्यांसारख्या असंख्य चकाकत्या ठिपक्यांची. पाहून खूप आनंद व्हायचा, गेली की उदास वाटायचं. पुढे त्यांनी ओळखलं की हे देवाचं नव्हे. डोळ्यांना आनंद देणारं दर्शन, आणि तरी फसवं.

त्यांनी पारख करण्याचे नियम लिहून ठेवले. त्यातले दोन या धाग्यासाठीच लिहिल्यासारखे वाटले. एकात ते म्हणतात की वैरी, म्हणजे सैतान, हा फसव्या प्रियकरासारखा असतो. मुलीने बापाला काही सांगू नये, गुपित राहावं, हीच त्याची धडपड. जाणत्या माणसासमोर गोष्ट उघड झाली की त्याचा डाव संपतो. ताई, हा नियम तुमच्या भावासाठी.

दुसरा नियम तुमच्यासाठी. थेट देवाकडून आलेलं सांत्वन खोटं नसतं, पण ते येऊन गेल्यानंतरची जी वेळ असते, मन अजून उबदार असतं, ती वेगळी धरायला हवी. त्या वेळेत माणूस स्वतःच्या विचारांतून बेत आणि अर्थ काढतो, आणि तेही देवाचेच समजतो.

संत्रानगरी
बुधवार, दुपारी १२:२५

कामठीकर, चांगलं आहे, पण विषय शास्त्रावर पारखण्याचा आहे. संत काय म्हणाले यापेक्षा शास्त्रातून दाखवा ना.

पाळकवाडा
बुधवार, दुपारी ३:४५

मी दाखवतो. आणि कामठीकर, तुमचा दुसरा नियम मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आभारी आहे.

प्रेषितांची कृत्ये २१. पौल यरुशलेमेला निघाला आहे. सोरातले शिष्य आत्म्याच्या द्वारे त्याला सांगतात, जाऊ नकोस. पुढे कैसरियात अगब संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो, पवित्र आत्मा म्हणतो की हा ज्याचा आहे त्याला असंच बांधतील. सगळे रडू लागतात, जाऊ नकोस म्हणतात. त्यात हा वृत्तान्त लिहिणारा लूकही आहे, "आम्ही" असंच लिहितो. आणि पौल जातो. का? आत्म्याने त्याला आधीच कळवलं होतं की बंधनं आणि संकटं वाट पाहताहेत (२०:२३). माहिती सगळ्यांना एकच मिळाली होती, बांधले जाणार. "म्हणून जाऊ नये" हे माणसांनी प्रेमापोटी जोडलं.

मुली, तुझं पहिलं पोस्ट मी पुन्हा वाचलं. तुला ऐकू आलं "तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे." त्यात बाबा बरे होतील हे शब्द कुठे आहेत?

मोहननगरची (धागाकर्ती)
बुधवार, रात्री ११:५०

काका, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला. आत्ता उत्तर लिहायला बसले आहे.

नाहीत. ते शब्द नाहीत. ते मी घातले.

जरीपटका_साक्षी
गुरुवार, सकाळी ७:००

ताई, आपल्या शरीरातला काटा, म्हणजे एक सततचा त्रास, देवाने काढावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." उत्तर खरं होतं, काटा तसाच राहिला. तुम्हाला मिळालं ते खोटं होतं असं मला अजिबात वाटत नाही. त्या अकरा दिवसांत तुम्ही उभ्या राहिलात ना?

भावासाठी एक गोष्ट आठवली, रेल्वेचीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला गाडीने चालले होते, तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं. त्याने त्यांना नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा पटलं नाही, पण पुस्तक मात्र वाचत गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे तेही भाकीतच होतं, पण त्या माणसाने काय केलं पाहा. हातात शास्त्र दिलं, म्हणजे तपासायचं साधनच दिलं. पैसे मागितले नाहीत, गुप्तता मागितली नाही. टिळकांना त्याचं नावसुद्धा कळलं नाही.

संत्रानगरी
गुरुवार, सकाळी १०:३०

जरीपटका, ही तुलना भावाला नक्की दाखवण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंचंही तसंच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन (आत्मिक जागृती) झालं, मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत होत्या. आणि त्याच रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामाला मरेपर्यंत जुंपून होत्या, १९२२ पर्यंत. बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. आग आणि अक्षर एकाच आवारात होतं.

पाळकवाडा
गुरुवार, दुपारी २:१५

आणि भावाला यिर्मया २८ वाचायला दे, नुसतं ऐकवू नकोस. हनन्या मंदिरात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. यिर्मया काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर तसं करो." त्यालाही ते हवंच होतं. मग एवढंच म्हणतो की शांतीचा संदेश देणारा, तो पूर्ण झाल्यावर कळेल. यिर्मयाने बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घातलेलं जू हनन्या मोडतो तेव्हा यिर्मया वाद न घालता निघून जातो. थांबतो. देवाचा शब्द त्याला नंतर मिळतो. तू भावाशी भांडू नकोस, मुली. त्याला सेवेची ओढ आहे ती खोटी आहे असं कुणीच इथं म्हटलेलं नाही.

मोहननगरची (धागाकर्ती)
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

कळवायचं राहिलं होतं.

भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. धागा वाचला होता त्याने, मीच पाठवला होता. मग एका रात्री जेवताना म्हणाला, "माझं तपासायला निघालीस, तुझं तपासलंस का कुणासमोर?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग दोघं जाऊ."

आम्ही दोघं पाळकांकडे गेलो, पंचांपैकी दोघे होते, आईही आली. भावाने सगळं सांगितलं, पैशांचंही. पाळकांनी त्या उपदेशकांना आमच्यासमोरच फोन लावला, येऊन सर्वांबरोबर बसा, आपण मिळून प्रार्थना करू म्हणाले. ते म्हणाले, नंतर कळवतो. अजून कळवलेलं नाही. राजीनामा दिलेला नाही. दर शनिवारी पाळकांबरोबर दवाखान्यात भेटी द्यायला जातो. पुढचं त्याचं त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

मग माझी पाळी आली. मी सांगितलं. सगळे गप्प होते. आई म्हणाली, "तुझा आवाज देवाचाच होता, मला कधी शंका आली नाही. पण तू सगळ्यांना सांगत सुटलीस ना, त्यानंतर बाबांना बोलताच आलं नाही." बाबांनी दोनदा विषय काढला होता म्हणे. मी दोन्ही वेळा त्यांचा हात धरून म्हटलं होतं, असं बोलू नका, प्रभूने मला सांगितलंय. मला आठवतंय ते. त्यांनी मान हलवली होती आणि भिंतीकडे पाहिलं होतं. मला वाटलं, त्यांना धीर आला.

मी आईला विचारलं, काय सांगायचं होतं त्यांना. त्यांनी ते एका रात्री आईला सांगितलं होतं, मी घरी अंघोळीला गेले असताना. पेटी घरात बंद ठेवू नका. संडे स्कूलमधल्या त्या पोराला द्या, जो उपासना संपल्यावर बाबांच्या बाजूला उभा राहून बोटं पाहायचा. आईने मला सांगितलं नाही, कारण मग मला सगळंच सांगावं लागलं असतं.

आज दोन वर्षांनी पेटी खाली काढली. भाता ठीक आहे, पण मधल्या सप्तकातले दोन सूर बोलत नाहीत आणि एक सतत वाजतो. नागपुरात जुनी पेटी नीट करणारं कुणी माहीत आहे का? तो पोरगा आता नववीत आहे, त्याला पुढच्या रविवारी द्यायची आहे.

इंदोरा_नऊ
रविवार, रात्री ९:५५

महालात एक वयस्कर कारागीर आहेत, आमच्या विहारातली पेटी त्यांनीच दुरुस्त केली. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. दुपारी चारनंतर जा, आणि ओझं असेल तर सांगा, माझा ऑटो आहे.